अर्जुनाच्या कमरेवरचा फोड

१

साताऱ्याच्या लष्करी दवाखान्यात त्या शुक्रवारी जो गुन्हा उघडकीला आला, त्याचा आकार फार तर चार बोटांचा होता. अर्जुना पुकळे या तरण्याबांड डॉक्टरच्या कमरेवर, मागच्या बाजूला, काळपट कडांचा एक फोड उठला होता. तेवढ्या फोडापायी एका घराची अब्रू जायची वेळ आली होती.

साल चौऱ्याहत्तर, वैशाखाचे दिवस. अर्जुना आटपाडीकडच्या एका धनगरवाडीतला. पुण्याला लष्कराच्या खर्चानं डॉक्टरी शिकला. करार सरळ होता. शिकवायचं लष्करानं, आणि त्या बदली ठरलेली वर्षं पोरानं लष्करात डॉक्टरकी करायची. परीक्षा पास झाली, नवी वर्दी शिवून झाली, खांद्यावर तारे चढायच्या आधीची शेवटची तपासणी तेवढी उरली होती. नेमका त्याच तपासणीला तो हा फोड घेऊन उभा राहिला.

"बिब्बा आहे," कर्नल पेंढारकर म्हणाले. "विचारायलाच नको. स्वतःच्या हातानं लावून घेतलाय. पट्टा बांधता येत नाही, वाकता येत नाही. नोकरी चुकवायचा जुना धंदा!"

समोर लीलाबाई निकम बसल्या होत्या. उभी हयात लष्करी दवाखान्यांत काढून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं की त्याला पुन्हा हळहळायची इच्छा होऊ नये असं उत्तर देत. दर शुक्रवारी त्या इथं चहाला यायच्या आणि चहा पिता पिता नव्या नर्सांच्या पट्ट्या किती ढिल्या बांधल्या आहेत ते कर्नलना ऐकवायच्या.

"हा धुळा हवालदाराचा मुलगा ना?" त्यांनी विचारलं.

"तोच. मुलाला तारे चढताना पाहायला बाप आज सकाळी आला होता, त्याला इथेच सांगितलं, की तुमच्या मुलानं नोकरी चुकवायला स्वतःच्या अंगाला इजा करून घेतली आहे. त्यानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. पोराची ट्रंक उचलली आणि तरातरा निघून गेला. मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही."

लीलाबाईंचा कप वाटेतच थांबला. धुळा त्यांना चांगला ठाऊक होता. पेन्शनीला लागणारी वर्षं भरायच्या आत गुडघा मोडून त्यांच्याच वॉर्डात आलेला. सुट्टीवर घरी असताना मोडला म्हणून लष्करानं ती इजा नोकरीतली धरली नाही. माणूस रिकाम्या हातानं घरी गेला, पण लष्कराबद्दल वाकडा शब्द काढला नाही. वॉर्डात पडल्या पडल्या सगळ्यांची तुटलेली बटणं लावून द्यायचा आणि प्रत्येकाला सांगायचा, माझा पोरगा लष्करात डॉक्टर होनार.

"रिपोर्ट कधी जाणार?"

"सोमवारी. करार मोडल्याचा ठपका, आणि वर बदनामी. मला तरी कुठे हौस आहे? पण लष्कराचं मीठ खाऊन…"

"फोड नेमका कुठे म्हणालात?"

"कमरेवर. मागे, मणक्याच्या जरा डावीकडे."

"मागे?" लीलाबाईंनी कप खाली ठेवला. "साहेब, युद्धाच्या दिवसांत बिब्बा लावून घेतलेले जवान मी ढीगभर पाहिलेत. दंडावर लावतात, पोटरीवर लावतात. जिथे आपला हात पोचतो आणि तुमची नजर पोचते, तिथे लावतात. पाठीमागे चाचपडत कोण लावतो? सोमवारपर्यंत कागद टेबलावरच राहू द्या."

कर्नल काही बोलायच्या आत त्या वॉर्डाकडे निघाल्याही होत्या.

२

अर्जुनाला खाटेवर उताणं पडता येत नव्हतं. एका अंगावर कलून बसून तो पायजम्याच्या नाडीची गाठ बांधत होता, सोडत होता, पुन्हा बांधत होता. दुहेरी पिळाची, शस्त्रक्रियेत बांधतात तशी गाठ. शल्यविद्या शिकलेल्या पोरांना ही खोड लागतेच, हात रिकामा राहत नाही.

लीलाबाईंनी आधी फोड पाहिला. वरची कड वेडीवाकडी होती, पण खालची अगदी सरळ, पट्टी लावून ओढल्यासारखी. बिब्ब्याचं तेल अंगावर चोपडलं तर ते असं सरळ रेषेत थांबत नाही. ते कापडातून पाझरलं होतं. पँटच्या कमरपट्टीची शिवण जिथे संपते तिथेच थांबलं होतं.

"वाडीतून निघालास तिथपासून सांग," त्या म्हणाल्या. "काही गाळू नकोस."

पोरगा शहाणा होता, नीट सांगत गेला. बुधवारी दुपारी वाडीतून निघाला, ते वर्दी घालूनच, कारण अख्खी वाडी निरोपाला जमली होती. वर्दीला आबांनी आदल्या दिवशी तांब्यात निखारे घालून स्वतः इस्त्री केली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता. वाटेत बोलावून घेतलं म्हणून बुधवारचा मुक्काम ऐनवेळी फलटणला लालासाहेबांच्या बंगल्यावर झाला. गाडीत वर्दी चुरगळली होती, ती त्यांनी परटाकडून पुन्हा कडक करून घेतली. गुरुवारी सकाळी तीच घालून तो साताऱ्याला आला. संध्याकाळी कंबर खाजायला लागली. शुक्रवारी सकाळी फोड.

"हे लालासाहेब कोण?"

"आमच्या शिक्षणमंडळाचे. फलटणला त्यांचा मोठा ऊस आहे. दवाखाना बांधलाय त्यांनी, नवाकोरा, आणि डॉक्टर म्हणून मीच पाहिजे म्हणतात. मी नाही म्हणून सांगितलं."

"आणि बिब्बा कुणी लावला?"

अर्जुनाचे हात थांबले. "मी नाही लावला," तो म्हणाला. "पण बाई, त्यापुढे काही विचारू नका. साहेबांना जे लिहायचं ते लिहू द्या."

"अरे, तुझं आयुष्य जाईल त्यात!"

"जाऊ दे. माझ्या तोंडून कुणाचं नाव निघणार नाही."

म्हणजे पोराच्या मनात कुणीतरी होतं, आणि त्याला तो पाठीशी घालत होता. लीलाबाईंना राग आला आणि अभिमानही वाटला. बदनामीचं ओझं मुकाट्यानं उचलणारं माणूस नोकरी चुकवायला निघालेलं नसतं, एवढं त्यांना पक्कं कळलं.

"ती पँट कुठे आहे?"

"ट्रंकेत. आबा घेऊन गेले. जाताना दारातून एवढंच म्हणाले, ही वर्दी जाळतो."

३

शनिवारी सकाळच्या एसटीनं लीलाबाई फलटणला पोचल्या. लालासाहेबांचा बंगला शोधावा लागला नाही, उसाच्या हिरव्या पट्ट्यात तो दुरून दिसत होता. लालासाहेब रुबाबदार माणूस, फेटा दुधासारखा पांढरा. पाहुण्या बाई लष्करातल्या आहेत कळल्यावर त्यांनी चहाबरोबर चिवडाही मागवला.

"मी पोराला स्पष्ट सांगितलं होतं, बाई," ते म्हणाले. "करारातली वर्षं तुला राबवून घेतील. कॉलेजात घातलेली वर्षं पेन्शनीत धरत न्हाईत म्हनं. मधेच सुटलास तर तुज्या बापासारखा हात हालवत येशील. त्यापरीस हितं बस, रानोमाळची मानसं तुला देव मानतील. खोटं हाय का ह्यात काय?"

"आणि तपासणीत नापास झाला असता तर करार आपोआप सुटला असता. होय ना?"

लालासाहेबांचा चेहरा उतरला. ही बाई चिवडा खायला आलेली नाही हे त्यांना उशिरा कळलं.

"व्हय, सुटला असता," ते सावकाश म्हणाले. "आन् मला बरंबी वाटलं असतं. पन बाई, ज्या पोराला डाक्टर म्हनून मागतोय त्याला मीच बिब्बा लावीन व्हय? डागी नावाचा डाक्टर घेऊन मी करू काय? कोन जाईल त्याच्याकडं?"

यात तथ्य होतं. पण वर्दी त्यांच्याच घरी रात्रभर होती, त्यांच्याच परटाच्या हातातून गेली होती, आणि परीट कपड्यावर खूण करतो ती बिब्ब्यानंच. लीलाबाईंनी परटाला बोलावून घेतलं.

गुंडा परीट आला तो हात मागे लपवतच. बोटं बिब्ब्यानं काळी झालेली.

"दाखव की हात. मी काय तुला खाणार आहे का?" लीलाबाई म्हणाल्या. "वर्दीवर खूण केलीस?"

"न्हाई, बाईसाब. एका वक्ताची इस्त्री, खून कशापायी? आन् सरकारी कापडावर मी खून करीन का?"

"मग इस्त्री करताना काही वेगळं जाणवलं?"

गुंडानं मालकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "कमरंच्या पट्टीत मागनं कायतरी टनक लागलं. मला वाटलं दुमड हाय, म्हनून तितं जोर लावून दाबली. लय कडक इस्त्री मागितली हुती मालकांनी. दाबल्यावर बिब्ब्याचा वास आला बगा. मी म्हनलं, माज्याच हाताचा असंल."

लीलाबाई उठून उभ्या राहिल्या. बिब्बा फलटणला लागला नव्हता. तो पँटच्या पट्टीत शिवलेला होता, थेट वाडीतून आलेला. फलटणला फक्त तापलेल्या इस्त्रीखाली त्याचं तेल सुटलं. लालासाहेबांनी आदरातिथ्य केलं आणि पोराची कंबर भाजून निघाली.

आणि पँटच्या पट्टीत बिब्बा शिवतं कोण? आपल्याकडे लेकराला दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा कोण बांधतं हे कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल. अर्जुना कुणाला पाठीशी घालत होता ते आता उघड दिसत होतं.

पण पुरावा ट्रंकेत होता, आणि ट्रंक जाळायला निघालेल्या माणसाच्या ताब्यात. आटपाडीकडची गाडी सुटायला आली होती.

४

पुकळ्यांच्या घराच्या चौकटीवर लिंबू, मिरची आणि बिब्बा तारेत ओवून टांगलेला होता. लीलाबाईंनी तो पाहिला आणि सुस्कारा सोडला.

अर्जुनाची आई सुलाबाई उंबऱ्यात बसून वाकळ शिवत होती. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावरून धावणारा एकेरी दोरा, बारीक आणि सरळ. गाठ मात्र वरच्या अंगाला ठेवलेली. या भागातल्या बायका तशीच ठेवतात, आतली गाठ अंगाला रुतते म्हणून.

"हवालदार कुठे आहेत?"

"मेंढरामागं गेल्यात. कालपास्नं घरात थांबंना झाल्यात," सुलाबाई म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "बाई, माज्या लेकानं काय केलं वं? हे सांगत न्हाईत, निस्तं म्हन्त्यात, त्याचं नाव काडू नगंस."

"त्याच्या अंगावर बिब्बा उतून फोड आलाय. कुणीतरी वर्दीत शिवला होता."

सुलाबाईचा हात सुईवरच थिजला. तिनं चौकटीकडे पाहिलं, मग लीलाबाईंकडे, आणि एका दमात म्हणाली, "मी शिवला. माज्या हातनं झालं. साहेबाला सांगा, पोराचा काय दोष न्हाई. मला न्या पायजे तर."

"कुठे शिवलास?"

"आं?"

"वर्दीत कुठल्या जागी?"

"टोपीत," सुलाबाई म्हणाली. "आतल्या अंगाला."

लीलाबाईंना उलगडा झाला. या बाईनं काही शिवलं नव्हतं. पोराला वाचवायला ती सापडेल तो गुन्हा अंगावर घेत होती, आणि तिकडे पोरगा तिला वाचवायला तोंड मिटून बसला होता. मायलेक दोघंही खोटे, आणि दोघांचाही खोटेपणा सोन्यासारखा!

"सुलाबाई, बिब्बा टोपीत नव्हता. ट्रंक आहे की जाळली?"

"आवं, जाळतील कशाला? काडी घिऊन बसलं हुतं ट्रंकंम्होरं. मग म्हनलं, सरकारी कापड जाळायचं नसतंय. ती काय कोपऱ्यात हाय बगा."

ट्रंकेला कुलूप नव्हतं. लीलाबाईंनी पँट काढून उजेडात धरली. मागच्या पट्टीत, मणक्याच्या जरा डावीकडे, तपकिरी डाग होता. त्यांनी पट्टी उलटी केली. आत चिंधीत गुंडाळलेली बिब्ब्याची खाप होती, बोटाच्या पेरापेक्षा लहान. चिंधी जळकट तेलानं चिकट झाली होती.

पण त्यांची नजर खापेवर नव्हती, टाक्यावर होती.

दोरा दुहेरी होता. टाके मोजके आणि घट्ट, एकावर एक बसवलेले. शेवटी दोऱ्याचे तीन वेढे देऊन टोक आत ओढून घेतलेलं, कितीही हिसडा दिला तरी सुटू नये असं. सुलाबाईचा टाका एकेरी आणि गाठ वर. अर्जुनाच्या बोटांना तर दुसरी गाठ येतच नव्हती, झोपेतही तो शल्यविशारदाचीच गाठ बांधेल. हा हात दोघांचाही नव्हता. तीन वेढ्यांची गाठ रंगरूटाला पहिल्याच महिन्यात शिकवतात, वर्दीचं बटण परेडवर तुटून पडू नये म्हणून. वॉर्डातल्या निम्म्या सदऱ्यांवर लीलाबाईंनी ती कधीकाळी पाहिली होती.

दारात खाकरल्याचा आवाज आला. ज्याचा तो टाका होता तो माणूस उंबऱ्यात उभा होता.

५

धुळा पुकळे लंगडत आत आला. लीलाबाईंना पाहून त्यानं पाय जुळवले, सवयीनं.

"मेट्रनबाई, तुमी उगा एवड्या लांब आला. त्या पोराचं नाव ह्या घरात निगायचं न्हाई. लष्कराच्या खर्चानं शिकला आन् नोकरी चुकवायला अंग जाळून घेतलं! मी गुडघा मोडूनबी नोकरी मागत हुतो, आन् ह्यो…"

"हवालदार, काय लावून अंग जाळलं ते साहेबांनी सांगितलं?"

"ऐकायला थांबलोच न्हाई. आसिड लावलं असंल न्हाईतर काय. कसं का जाळंना!"

"बिब्बा," लीलाबाई म्हणाल्या.

धुळाची नजर पँटवर गेली, उसवलेल्या पट्टीवर, चिंधीवर. त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला, आणि तो भिंतीला हात लावून खाली बसला.

"मी तर इस्त्री झाल्याव शिवला हुता," तो पुटपुटला. "चिंदीत गुंडाळून. आंगाला लागायचा न्हाई म्हनून. सरळ साताऱ्याला जायचा हुता त्यो. पुन्यांदा इस्त्री कुनी केली?"

"लालासाहेबांच्या परटानं."

सुलाबाईला हे खरं वाटेना. "तुमी? आवं, तुमी? त्या चौकटीवरचा बिब्बा बगून जलमभर मला हसलासा! लष्करात लिंबू-मिरची नसती म्हनून माजा उद्धार केलासा!"

धुळानं मान वर केली नाही. बोलला तो जमिनीशीच.

"हवालदार झालो तवा सुट्टीवर आलो हुतो. गावानं खांद्याव घिऊन मिरवला. दुसऱ्या दिशी आडावर पाय घसरला, गुडघा ग्येला, नोकरी ग्येली. तवापास्नं मनात एकच. गावाची नदर लागली. कुनाला म्हनलो न्हाई. शिपाईगड्यानं म्हनायचं असतंय व्हय? आन् मंगळवारी पोरानं वर्दी घालून बगितली, तवा समदी वाडी भवतीनं गोळा झाली. लय देखना दिसत हुता वर्दीत. लोकं म्हनली, असा डाक्टर पंचक्रोशीत न्हाई. माजं काळीज हाललं. इस्त्री झाल्याव रातच्याला तुला कळू न देता शिवला." तो लीलाबाईंकडे वळला. "बाई, पोरानं माजं नाव घेतलं का साहेबाम्होरं?"

"त्याला तुम्ही कुठे ठाऊक? त्याला वाटतंय आईनं शिवला. तुम्ही आईला घराबाहेर काढाल या भीतीनंच तो गप्प असणार. बदनामी घ्यायला तयार आहे."

धुळा भिंतीचा आधार न घेता उठला आणि सुलाबाईला म्हणाला, "माजा कोट काड. मेडलांचा."

"तुम्हाला यायची गरज नाही," लीलाबाई म्हणाल्या. "पँट आणि गाठ मी दाखवीन. कर्नलसाहेब शहाणे आहेत."

"न्हाई बाई. गाठ माजी हाय. सांगनार बी मीच."

६

सोमवारी सकाळी कर्नल पेंढारकरांच्या खोलीत रिपोर्ट टेबलावर तयार होता, सहीपुरता अडलेला. दार उघडं, व्हरांड्यात औषधाला आलेले जुने शिपाई बाकावर बसलेले. खोलीत अर्जुना उभा होता, पट्टा न बांधता. लीलाबाई खिडकीपाशी बसल्या. त्यांना वाटलं होतं धुळा दार लावून घेईल, हलक्या आवाजात बोलेल. त्यानं दार तसंच ठेवलं. टेबलासमोर येऊन सावधान उभा राहिला आणि बाकावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात बोलला.

"साहेब, पोराची जखम माज्या हातची हाय. दृष्ट लागू नये म्हनून मी त्याच्या वर्दीत बिब्बा शिवला. पोराला ठाऊक न्हाई, त्याच्या आईला ठाऊक न्हाई. काय लिवायचं ते माज्या नावावर लिवा."

व्हरांड्यात कुणीतरी फिसकन हसलं. धुळाची मान हलली नाही. अर्जुना मात्र बापाकडे असा बघत होता जणू हा माणूस त्याला आज पहिल्यांदा भेटला होता.

लीलाबाईंनी पँट टेबलावर ठेवली, गाठ दाखवली, परटाचं म्हणणं सांगितलं. इस्त्री आधीची कुठली, टाका मधला कसा, इस्त्री नंतरची कुठली. कर्नलनी भिंग घेऊन दोऱ्याचे वेढे पाहिले. स्वतः त्यांनीही ती गाठ कधीतरी शिकली असणार, कारण ते मधेच किंचित हसले.

"हवालदार, हे सगळ्यांसमोर बोलायला लाज नाही वाटली?"

"वाटली की, साहेब. लय वाटली. पन लाज वाटण्यासारकं माज्या पोरानं काय केलं न्हाई, हे लोकास्नी कळाया पायजे हुतं."

कर्नलनी रिपोर्ट उभा फाडला आणि दुसरा कागद ओढला. अपघाती इजा, असं लिहिलं. मग पेन थांबवून अर्जुनाकडे पाहिलं.

"पुकळे, एक सांगतो. तुझी कातडी नाजूक निघाली. मी अपात्र लिहिलं तर कुणी बोट दाखवणार नाही. करारातून सुटशील, फलटणचा दवाखाना तुझी वाट पाहतोय. करारातली वर्षं काढून मधेच बाहेर पडलास तर मात्र पेन्शन नाही, तुझ्या वडलांसारखंच. कॉलेजातली वर्षंही त्यात मोजत नाहीत. विचार करून सांग."

धुळानं समोरच्या भिंतीवरून नजर हलवली नाही. पण लीलाबाईंना त्याच्या कोटावरची मेडलं थरथरताना दिसली. त्यांना वाटलं, नको रे बाबा, आता याला आणखी काही ऐकायला लावू नकोस.

अर्जुनाला विचार करायला काही वेळ लागला नाही.

"पात्र लिहा, सर. करारातली वर्षं तर काढीनच. त्यापुढे पेन्शनीला जेवढी लागतात तेवढीही काढणार. कॉलेजातली धरत नसतील तर नका धरू. आबांची जी भरायची राहिली, तीसुद्धा माझ्याकडून भरून घ्या."

व्हरांड्यात आता कुणीच हसत नव्हतं. बाकावरचा एक म्हातारा शिपाई उठून उभा राहिला होता, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं लीलाबाईंनी लष्करात माणसं बरी करून पाठवली होती, पण आज पहिल्यांदा त्यांना वाटलं की लष्कराला एक माणूस आपण मिळवून दिला.

कर्नलनी सही केली. तरी धुळा जागचा हलेना. तसाच ताठ, हात मांड्यांना चिकटलेले, हनुवटी वर. गालांवरून पाणी ओघळून मिशीत उतरत होतं.

"हवालदार? झालं की आता."

"साहेब," धुळा म्हणाला. त्याचा आवाज आता खडा राहिला नव्हता. "तेवडं विश्राम म्हना की."

"काय?"

"सावधानात हात हलवता येत न्हाई. डोळं पुसायचं हायत."

कर्नल पेंढारकर खुर्चीतून उठले, टोपी डोक्यावर ठेवली, टाच टाचेला जुळवली आणि परेडवर देतात तसा हुकूम दिला.

"हवालदार धुळा पुकळे, विश्राम!"